फ्रिजमागचा ट्रे: दर रविवारी दहा मिनिटं

पावसाळ्यात घरात डेंग्यूचे डास होतात आणि आपण कुंड्या, बादल्या तपासत बसतो. आमच्या घणसोलीच्या घरात अळ्या सापडल्या त्या फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये! टॉर्च मारला तर बोटभर पाण्यात वळवळत होत्या.

१. फ्रिजचं बटण बंद करून प्लग काढा, थोडा वेळ थांबा. कॉम्प्रेसर चांगलाच तापलेला असतो.
२. ट्रे निघत असेल तर काढा, नसेल तर जुन्या फडक्याने पाणी टिपून घ्या.
३. आता मुख्य काम. ट्रेच्या कडा ब्रशने खसाखसा घासा. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कारण या डासाची अंडी पाण्याच्या रेषेलगत चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात.
४. पुसून कोरडा करून परत बसवा.

अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा वार चुकवू नका. मनी प्लँटची बाटली आणि कुंडीखालची ताटलीही त्याच वेळी घासून घ्या.

अळ्यांचं पाणी मोरीत किंवा गटारात ओतू नका, उन्हातल्या कोरड्या जमिनीवर ओता.