पत्रं लिहायच्या आधी वही काढा

संक्रांतीची पत्रं लिहायची तर पेन, पाकिटं, तिकिटं लागतात हे काय सांगायचं. शाईपेन वापरणार असाल तर चकचकीत कार्ड घेऊ नका, शाई वाळत नाही आणि हात फिरला की सगळं फिसकटतं. साधं जाड कार्ड बघा, कोल्हापुरात महाद्वार रोडला फिरलात तर मिळेल.

पण खरेदी नंतर. आधी ज्यांना लिहिणार त्यांची नावं वहीत काढा आणि प्रत्येक नावापुढं थांबून विचारा: मागच्या संक्रांतीनंतर या घरातलं कोण गेलं का? आठवत नसेल तर आईला विचारा, थोरल्या वहिनीला विचारा. त्यांना सगळं पाठ असतं. गेल्या वर्षी मी जुनीच यादी समोर ठेवली आणि गडहिंग्लजला पत्र धाडलं, 'सौ. मावशी व ती. काकांस'. काका आषाढात गेले होते. तिसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन बसून आलो होतो, तरी हात जुन्या यादीबरोबर चालत गेला. मावशी मला काही बोलली नाही. पुढं गेलो तेव्हा ते पत्र काकांच्या फोटोच्या चौकटीला खोचलेलं दिसलं, नावाची बाजू वर.

म्हणून परत सांगतो, कोण गेलं ते आधी बघा. त्या घरी वर्षभर सण करत नाहीत, तिथं पतंगाचं कार्ड नको आणि 'हार्दिक शुभेच्छा' तर नकोच. पन्नास पैशांचं पोस्टकार्ड घ्या आणि गेलेल्या माणसाची एक आठवण लिहा. काका गुऱ्हाळावरनं येताना डब्यात गरम काकवी आणायचे, एवढं लिहिलं असतं तरी पुरलं असतं. आणि 'सौ.' बघा. शंका असेल तर नुसतं 'प्रिय मावशी' लिहा, त्यात कुणाचं काही बिघडत नाही.

बाकी मजकुराला एकच अट, फोनवर आलेला उतरवायचा नाही. त्या माणसालाच लागू पडेल अशी एक ओळ हवी. पुण्याच्या मित्राला रंकाळ्यावरच्या भेळेबद्दल लिहा, तो दोनदा वाचेल. वायल्डर चर्चला जाणारा शाळेतला दोस्त असेल तर त्याला २५ डिसेंबरच्या आत पोचलं पाहिजे, संक्रांतीच्या गठ्ठ्यात त्याचं पाकीट ढकलू नका. त्याच्या घरचीही नावं तपासा. हो, तिथंही.

पाकिटात हलवा घालायचा मोह आवरा. शिक्का बसला की चुरा होतो, आणि पाच रुपयांच्या तिकिटात २० ग्रॅमच जातात.

संक्रांत १४ नाहीतर १५ जानेवारीला, तेव्हा पत्रं पहिल्या आठवड्यातच टाका. पिन सहा आकडी, नीट लिहा. मागं आपला पत्ता. डिंक, तिकीट, झालं.

पेटीत टाकायच्या आधी गठ्ठा एकदा उलटा आणि 'सौ.' कुठं कुठं लिहिलंय तेवढं बोटानं शोधा.