रात्रपाळीत तब्येत कशी सांभाळावी: आधी झोप, मग बाकी सगळं

हिंजवडी, खराडी, ऐरोली, मालाड इथल्या कितीतरी ऑफिसांत कामाचा दिवस संध्याकाळी साडेसहाला उजाडतो. क्लायंट अमेरिकेत, आणि न्यूयॉर्कमध्ये तेव्हा उन्हाळ्यातल्या सकाळचे नऊ वाजलेले असतात. पहाटे साडेतीनला लॉगआउट, कॅबचा ड्रॉप धरून पाचच्या आसपास घर, आणि मग "बारा वाजले तरी लोळतोय" हे ऐकत घेतलेली झोप.

अशा नोकरीत ताण फक्त क्लायंटमुळे येतो, हे अर्धंच खरं. चार-पाच तासांच्या तुटक झोपेवर पाळीला गेलं की एस्कलेशनचा, म्हणजे तक्रार वरच्यांकडे गेल्याचा, साधा मेलही अंगावर येतो. सात तास झोप झालेली असली की त्याच मेलला माणूस उत्तर लिहून मोकळा होतो. म्हणून इथे झोप पहिली आणि व्यायाम बराच खाली ठेवला आहे. जिमची वर्षाची फी आधी भरणाऱ्यांनी हा क्रम जरूर पाळावा.

१. झोपेची वेळ ठरवा आणि घराला सांगा

पहाटे साडेपाच ते दुपारी साडेबारा, अशी वेळ कागदावर लिहून खोलीच्या दाराला लावा. नुसतं "मला झोपू द्या" म्हणून भागत नाही, घरच्यांना हिशेब समजावा लागतो. "आई, तू अकराला झोपतेस आणि सहाला उठतेस. माझी झोप साडेपाचला सुरू होते. म्हणजे सकाळचे दहा हे माझे पहाटेचे साडेतीन. तेव्हा कुकर लावू नकोस." एवढं सांगितलं की बहुतेक आयांना पटतं. ज्यांना पटत नाही, त्यांच्यासाठी कानात घालायचे बोळे मेडिकलच्या दुकानात मिळतात.

मग एकेक आवाज बंद करा. वायरलेस बेलचा सेल काढून ठेवा. पार्सल वॉचमनकडे द्यायला सांगा. कामाला येणाऱ्या मावशींना तुमची खोली शेवटी घ्यायला सांगा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. अडीअडचणीला लागतील असे दोन-तीन नंबर सोडून बाकी सगळं सायलेंटवर.

खोलीत अंधार हवा. उजेड डोळ्यांत गेला की मेंदूतलं मेलॅटोनिन, म्हणजे झोपेचा सांगावा देणारं संप्रेरक, कमी होतं. महागडे पडदे नसतील तर आहे त्या पडद्यामागे जाड काळं कापड शिवून घ्या. ज्यांची पाळी सकाळी सहा-सातला सुटते, त्यांनी कॅबमध्ये गॉगल लावावा. स्वतःची दुचाकी मात्र डोळे जड असताना चालवू नये. कंपनीची कॅब असेल तर उशीर झाला तरी तीच घ्यावी.

बाईची रात्रपाळी असेल तर घर तिला साडेसहालाच उठवतं, मुलाच्या शाळेच्या डब्यासाठी. शक्य तर सकाळचं काम सरळ दुसऱ्याकडे सोपवा, कारण बाप डबा भरू शकतो. तेही जमत नसेल तर झोप दोन तुकड्यांत घ्या: मूल शाळेत गेल्यावर पाच तास आणि दुपारी साडेतीन ते पाच. सलग झोपेइतकं चांगलं नाही, पण रोज पाचच तास झोपण्यापेक्षा कितीतरी बरं.

२. शेवटची कॉफी ठरवून प्या

प्यायलेल्या कॅफीनपैकी निम्मं साधारण पाच तासांनीही अंगात असतं. रात्री दोनला मशीनची कॉफी घेतली तर साडेपाचला आडवे झाल्यावर ती जागीच असते. पाळीच्या सुरुवातीला एक, दहाच्या सुमारास दुसरी, आणि साडेअकरानंतर बंद. कटिंग चहालाही हाच नियम. सिगारेट ब्रेक अनेकांना ताणावरचा उतारा वाटतो, पण निकोटीनही जागंच ठेवतं. आणि झोप लागावी म्हणून घेतलेले दोन पेग लवकर झोपवतात खरे, पुढची झोप मात्र मोडून टाकतात.

३. डबा न्या, आणि तो बारापूर्वी संपवा

शरीराला घड्याळ आहे, आणि ते पेशीपेशीत आहे. ते कसं चालतं हे शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. आपल्यापुरता अर्थ असा की तेच जेवण रात्री दोनला घेतलं तर रक्तातली साखर दुपारपेक्षा जास्त चढते आणि हळू उतरते. रात्रपाळीत पोट सुटतं ते फक्त बसून राहिल्यामुळे नाही.

मुख्य जेवण निघण्यापूर्वी, पाच-साडेपाचला घरीच करा: भाजी, आमटी, भाकरी किंवा पोळी, थोडा भात. साडेनऊ-दहाला डबा, तो हलका: थालीपीठ आणि दही, मुगाची उसळ, अंडी. मध्यरात्रीनंतर पोटात कावळे ओरडले तर फुटाणे, शेंगदाणे, एखादं केळं. ऑफिसखालच्या टपरीवरची दोन वाजताची भुर्जी-पाव ही चैन आठवड्यातून एकदा ठीक. रोज खाल्ली तर पित्त होणारच, आणि पित्तावर झोप लागत नाही. घरी पोचल्यावर फारच भूक असेल तर वाटीभर मऊ भात पुरतो.

४. पाळीतच ताण उतरवा

रात्री तीन ते पाच या वेळात शरीराचं तापमान सगळ्यात खाली जातं आणि चुकाही तेव्हा जास्त होतात. डोक्याचं काम, किचकट रिपोर्ट, महत्त्वाचा डिप्लॉय (नवं सॉफ्टवेअर चालू करणं) शक्यतो बाराच्या आत उरका. ब्रेकमध्ये जागा मिळाली तर वीस मिनिटांचा गजर लावून डोळे मिटा. त्याहून जास्त झोपलात तर उठल्यावर डोकं जड होतं.

चिडका कॉल संपला की पुढचा घेण्याआधी चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं पाच मिनिटं. अनुलोम-विलोम येत असेल तर तोही चालेल.

निघताना दहा मिनिटं राखून ठेवा. काय झालं, काय अडलं, उद्या आधी काय, हे तीन ओळींत हँडओव्हरमध्ये, म्हणजे पुढच्या पाळीसाठीच्या नोंदीत, लिहा. न लिहिलेलं काम कॅबमध्ये आणि अंथरुणात सोबत येतं.

५. ऊन आणि चालणं

उठल्यावर, जेवणाआधी, अर्धा तास बाहेर चाला. आठवड्याला दीडशे मिनिटं ही जागतिक आरोग्य संघटनेची किमान मर्यादा त्यातच भरते आणि उजेडामुळे शरीराला 'दिवस सुरू झाला' हे कळतं. चालणं रोजचं झालं की मग जिमचं बघा.

६. सुट्टीच्या दिवशी पूर्ण उलटू नका

शनिवारी अकराला झोपून सातला उठायचं आणि सोमवारी परत पहाटे साडेपाच, हा दर आठवड्याचा परदेश प्रवास शरीराला झेपत नाही. सुट्टीत रात्री अडीच ते सकाळी साडेनऊ झोपा. साडेपाच ते साडेनऊ हे चार तास दोन्हीकडे सारखे राहतात आणि नातेवाईकांकडे जेवायलाही जाता येतं.

पाळ्या बदलत्या असतील तर मॅनेजरकडे दोन गोष्टी मागा: रोस्टर, म्हणजे पाळ्यांचं वेळापत्रक, महिनाभर आधी, आणि बदल पुढच्या दिशेने, म्हणजे सकाळ, मग दुपार, मग रात्र. उलट्या क्रमाचा त्रास जास्त होतो. जाता जाता एचआरलाही सांगा की वेलनेसचं सत्र सकाळी अकराला ठेवू नका. ज्यांच्यासाठी ते आहे ते सगळे तेव्हा झोपलेले असतात.

७. डॉक्टरांकडे कधी जावं

वर्षातून एकदा रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल. उपाशीपोटीची तपासणी झोपून उठल्यावरच करा आणि लॅबला पाळी सांगा. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या, इन्शुलिन असेल तर वेळा स्वतःच्या मनाने हलवू नका. फिट येण्याचा आजार असेल तर रात्रपाळी घेण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारा. झोप बुडाली की फिट येऊ शकते.

घोरता घोरता श्वास अडकतो असं घरच्यांनी सांगितलं तर टाळू नका. छातीत दुखलं, दम लागला तर 'ॲसिडिटी असेल' म्हणत पाळी संपायची वाट पाहू नका. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, रडू येत असेल, किंवा एकदाही जगणं नकोसं वाटलं, तर १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही. पहाटे चारलाही फोन उचलतात, हे आपल्या वेळांना सोयीचं.

८. नोव्हेंबर आणि मार्च

अमेरिकेची घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जातात. साडेसहाची पाळी साडेसातची होते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ती परत साडेसहाची होते, आणि हा बदल जास्त जड, कारण एक तास लवकर उठावं लागतं. दोन्ही वेळी आधीच्या बुधवारपासून जेवण, झोप, गजर आणि शेवटची कॉफी रोज पंधरा मिनिटांनी सरकवा. दारावरच्या कागदावरची वेळही त्याच आठवड्यात बदला, नाहीतर कुकर जुन्या वेळेलाच लागेल.