डॉल्फिनला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे: पर्यटकांसोबतच्या कार्यक्रमातली रोजची निगा

भारतात डॉल्फिनसोबत पोहण्याचे कार्यक्रम चालत नाहीत. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने मे 2013 मध्ये परिपत्रक काढून डॉल्फिनेरियमला, म्हणजे डॉल्फिन ठेवून लोकांना दाखवायच्या टाक्यांना, मनाई केली. दुबई, फ्लोरिडा, हवाई इथे मात्र असे कार्यक्रम चालतात आणि तिकीट काढणाऱ्यांत मराठी कुटुंबंही असतात. हे लिखाण मुख्यतः अशा ठिकाणी काम करणाऱ्यांसाठी आणि करू पाहणाऱ्यांसाठी आहे. पर्यटकाने वाचलं तर पैसे भरण्याआधी काय बघायचं ते त्याला कळेल. सगळं बॉटलनोज जातीच्या डॉल्फिनबद्दल आहे, कारण या कामात तीच जात सगळ्यांत जास्त ठेवली जाते.

समुद्रातून नवे डॉल्फिन पकडून आणू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण टाकीत जन्मलेल्या डॉल्फिनला सरळ समुद्रात सोडून देता येत नाही, आणि तो जगतोही खूप. फ्लोरिडातल्या मरीनलँडमध्ये 1953 साली जन्मलेली नेली 2014 मध्ये, 61 व्या वर्षी गेली. एवढी वर्षं तिला रोज कुणीतरी मासळी तोलून दिली. या कामाची जबाबदारी इतकी लांब पल्ल्याची आहे.

पुढचं सगळं एका नियमावर उभं आहे: डॉल्फिनला कार्यक्रमातून केव्हाही निघून जाता यावं आणि गेल्याबद्दल त्याची मासळी कापली जाऊ नये.

जायला जागा हवी

टाकीचा एक भाग माणसांना पूर्ण बंद ठेवा. दोर आणि तरंगते बोये लावून हद्द आखा. तिथे पाहुण्याने जायचं नाही, ट्रेनरनेही जायचं नाही, आणि तिथे थांबलेल्या डॉल्फिनला मासळीची बादली दाखवून बाहेर ओढायचं नाही. न्यूझीलंडमध्ये नेपियर इथल्या कॉमन डॉल्फिन या दुसऱ्या जातीवरचा अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. माणसं पाण्यात उतरली की ते डॉल्फिन अशा राखीव भागात जास्त वेळ काढत, असं त्यात दिसलं. म्हणजे जागा दिली की ती वापरली जाते.

दोन टाक्यांमधलं दार कार्यक्रम चालू असताना उघडं ठेवा, आणि वाटा दोन ठेवा. एकच अरुंद वाट असेल तर कळपातला दांडगा नर तिथे आडवा राहतो आणि दुबळ्याची वाट अडते. वरून बघणाऱ्याला वाटतं की तो खुशीने पाहुण्यांपाशी थांबला आहे.

उन्हाचंही असंच. डॉल्फिन ट्रेनरकडे मान वर करून बघतो. ट्रेनरच्या पाठीशी सूर्य असेल तर डॉल्फिन दिवसभर सूर्याकडे बघत राहतो, शिवाय फिक्या निळ्या रंगाच्या टाकीतून उलटणारी तिरीप. डोळे बारीक करणं, एक डोळा मिटून येणं ही पहिली खूण. उपाय फुकटचा आहे: सूर्य डॉल्फिनच्या पाठीशी येईल अशा बाजूला ट्रेनरने उभं राहायचं, आणि दुपारचा कार्यक्रम सावलीच्या कडेला घ्यायचा.

पाण्यातून क्लोरीनचा उग्र वास आला तर पाणी स्वच्छ आहे असं समजू नका. तो वास क्लोरामाइनचा असतो, म्हणजे विष्ठा आणि मूत्र यांचा भार क्लोरीनला झेपत नाहीये. त्यानेही डोळे चुरचुरतात. अशा वेळी क्लोरीन वाढवत बसू नका, आधी गाळणी आणि पाण्याची अदलाबदल तपासा. अमेरिकेच्या नियमांत कोलिफॉर्म जिवाणूंची मर्यादा 100 मिलिलिटरला 1000 आणि क्षारता हजार भागांत 15 ते 36 भाग अशी आहे. कोलिफॉर्म आठवड्याला, पीएच रोज तपासायचा.

आवाजाकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. माणसाला 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, बॉटलनोजला सुमारे 150 पर्यंत. पंपाची कुरकुर आपल्या कानांना लागतही नाही, पण ती पाण्यात रात्रंदिवस चालू असते. पाण्यात हायड्रोफोन (पाण्याखालचा मायक्रोफोन) सोडून महिन्यातून एकदा ऐका, पंपाखाली रबराची बैठक घाला, काठावरचे स्पीकर काढून टाका.

बादली

प्रौढ डॉल्फिन दिवसाला आपल्या वजनाच्या साधारण 4 ते 6 टक्के मासळी खातो. 180 किलोच्या डॉल्फिनला 8 किलोच्या आसपास. पण नुसते किलो मोजू नका. कॅपेलिन हा पाणीदार मासा, किलोला साधारण 1000 किलोकॅलरी. हेरिंग आपल्या तारलीच्या कुळातला, तेलकट, त्यात दीडपट ते दुप्पट. हंगामाप्रमाणे हे बदलतं, म्हणून प्रत्येक खेपेची चरबी आणि उष्मांक प्रयोगशाळेतून काढून घ्या. एका खेपेचं वजन दुसऱ्या खेपेला तसंच चालवलं की महिन्याभरात डॉल्फिन जाडावतो किंवा वाळतो आणि कारण कुणाला सापडत नाही.

गोठवलेली मासळी उणे 18 अंशांवर किंवा त्याखाली ठेवा. वितळवायची ती फ्रीजमध्ये, ताटात पसरून. नळाखाली किंवा पाण्याच्या टबात नाही. डॉल्फिनला पिण्याचं पाणी मिळतं ते मुख्यतः माशातूनच. टबात वितळवलेल्या माशातून पाणी आणि जीवनसत्त्वं दोन्ही धुऊन जातात. फ्रीजमध्ये पूर्ण वितळल्यावर 12 तासांत संपवा, उरली तर फेका. मासळी ओळखायची पारख घरातलीच: डोळा स्वच्छ, पोट घट्ट, कल्ल्याला वास नाही. पोट फुटलेली एकही नको. बांगड्याच्या जातीचा मॅकरेल मधे कधी तापला असेल तर त्यात हिस्टामाइन हे विषारी द्रव्य तयार होतं. ते पुन्हा थंड करून जात नाही.

हेरिंग, कॅपेलिन यांसारख्या काही माशांत थायामिनेज असतं. साठवणीत ते ब1 जीवनसत्त्व खाऊन टाकतं. म्हणून दिलेल्या मासळीच्या किलोमागे 25 ते 30 मिलिग्रॅम थायामिन, म्हणजे हेच ब1, आणि 100 आययू (जीवनसत्त्व मोजायचं एकक) ई जीवनसत्त्व द्या. गोळी माशाच्या कल्ल्यात खोचायची आणि तो मासा दिवसाच्या पहिल्या छोट्या खाण्यात, मुख्य खाण्याच्या साधारण 2 तास आधी द्यायचा.

आता वाटणी. पाहुण्यांसमोर रोजच्या मासळीतली निम्म्याहून जास्त खर्च होऊ देऊ नका. पहिल्या कार्यक्रमाआधी चांगला वाटा पोटात गेलेला असावा, आणि संध्याकाळी जे उरेल ते सगळं द्यावं, दिवसभर काहीही केलं नसेल तरी. उपाशी डॉल्फिन पाहुण्याकडे येतो तो भुकेने. त्याला होकार म्हणता येत नाही. पोट भरलेला डॉल्फिन आला, तरच तो आला. भूक ठेवल्याशिवाय काम होत नाही असं कुणी म्हणालं, तर त्याला शिकवण्याचं काम नीट येत नाही. चोळणं, बर्फाचे तुकडे, जिलेटिनचे ठोकळे, आवडतं खेळणं ही बक्षिसंही चालतात, आणि कोणतं येणार हे डॉल्फिनला आधी कळू नये. जिलेटिनमधून पोटात पाणीही जातं, उन्हाळ्यात हा मोठा फायदा.

दिवसाची आखणी

अमेरिकेच्या कृषी खात्याने 1998 मध्ये या कार्यक्रमांसाठी नियम केले होते: एका डॉल्फिनमागे पाण्यात जास्तीत जास्त 3 माणसं, दिवसाला फार तर 2 तास, आणि 24 तासांत सलग 10 तास लोकांशी संबंध नाही. 1999 मध्ये त्यांची अंमलबजावणी थांबवली गेली. तरी आखणी करायला हे आकडे उत्तम आहेत. 25 मिनिटांचे 4 कार्यक्रम म्हणजे 100 मिनिटं झाली. उरलेली 20 उशीर आणि गोंधळासाठी सोडा, पाचवा कार्यक्रम बसवू नका. गाभण मादी, पिल्लू घेऊन फिरणारी आई आणि औषध चालू असलेला डॉल्फिन यांना कार्यक्रमात घेऊ नये.

प्रत्येक डॉल्फिनला त्याचा ट्रेनर. शिवाय एक माणूस फक्त पाहुण्यांकडे बघणारा. एकाच माणसाने दोन्ही केलं तर डॉल्फिनच्या पहिल्या खुणा सुटतात.

पाहुण्यांची तयारी

काठावर उभं करून अंगावरची प्रत्येक सुटी वस्तू उतरवून घ्या: अंगठी, मंगळसूत्र, बांगड्या, केसातल्या पिना, रबर, टिकली, चष्मा. डॉल्फिन सापडेल ते गिळून बघतो. त्याचं पोट कप्प्यांचं असतं. वस्तू पहिल्या कप्प्यात अडकते आणि पुढे सरकत नाही. मग अंगावरचं सनस्क्रीन आणि केसांचं तेल जाईपर्यंत साबणाने अंघोळ. सर्दी, खोकला, जुलाब किंवा उघडी जखम असेल तर पाण्यात उतरायचं नाही. संसर्ग माणसाकडून डॉल्फिनकडे जातो आणि उलटही येतो.

सूचना छोट्या वाक्यांत द्या. मराठी कुटुंब असेल तर: “काकू, तळवा उघडा, बोटं जुळलेली, पाण्याच्या पातळीवर. तो स्वतः हाताखालून जाईल. आपण हात पुढे न्यायचा नाही. डोळा, तोंड आणि डोक्यावरचं श्वासछिद्र सोडून, फक्त पाठीला आणि कुशीला. तो नाही आला तर नाही आला.” पाठीचा पर धरून ओढत नेणं, पोटावर बसणं, चुंबन हे प्रकार आमच्या मते बंदच करावेत. त्यांनी डॉल्फिनचं काही भलं होत नाही आणि पाहुण्याला ते हक्काचे वाटू लागतात.

खरी गडबड तिकिटावर सुरू होते. “10 मिनिटं स्पर्श, 1 फोटो” असं विकलं की डॉल्फिन गेल्यावर पाहुणा ट्रेनरवर ओरडतो, कार्यालयातून फोन येतो आणि ट्रेनर बादली हलवतो. म्हणून तिकिटावर स्पर्शाची हमी नसावी, आणि कार्यक्रम अर्ध्यात थांबला तर पैसे परत की दुसरी वेळ हे आधीच छापलेलं असावं.

‘नाही’ कसं ओळखायचं

तोंडाची ठेवणच हसऱ्यासारखी आहे. आजारी डॉल्फिनही तसाच दिसतो, त्यामुळे चेहरा सोडा आणि अंग बघा. सौम्य नकार: बोलावल्यावर उशिरा येणं, तोंड फिरवणं, मासा घेऊन सोडून देणं, खाली बुडी मारून दूर निघणं. स्पष्ट ताण: श्वास जोरात फुसकारणं, शेपटी पाण्यावर आपटणं. धोक्याची खूण: तोंड उघडं ठेवून डोकं झटकणं, जबडे टाळी वाजल्यासारखे मिटणं, अंग इंग्रजी एस अक्षरासारखं वळवणं.

सौम्य नकाराला 3 सेकंद शांत राहा, मग एकदाच बोलवा. आला तर सोपं काहीतरी करून घेऊन लगेच बक्षीस द्या. दुसऱ्यांदा गेला की त्याचा कार्यक्रम संपला. दुसरा डॉल्फिन घ्या किंवा पाहुण्यांना काठावरून दाखवा. धोक्याची खूण दिसली तर बोलावणं नाही, समजावणं नाही: पाहुणे हात छातीशी घेऊन लगेच बाहेर.

कारण शोधताना घाई करू नका. अंगावर दातांचे ताजे समांतर ओरखडे असतील तर भांडण कळपात आहे, आणि पाहुण्यांची संख्या कमी करून ते सुटणार नाही. तिथे गट बदलावे लागतात.

तपासणी

जाळं लावून पकडणं हा शेवटचा उपाय. शेपटी पुढे करणं, तोंड उघडणं, वजनकाट्यावर सरकून येणं हे रोजच्या सरावात शिकवा. रक्त शेपटीच्या खालच्या बाजूच्या शिरेतून घेतात. पायऱ्या अशा: हात ठेवणं, दाबणं, स्पिरिटचा बोळा, बोथट टोक, आणि मगच सुई. एका पायरीवर शेपटी ओढून घेतली की आधीच्या पायरीवर परत जा. सुई एकदा जबरदस्तीने टोचली तर महिन्यांचं काम वाया जातं. वजन आठवड्याला.

नोंदवहीत मासळी, वजन आणि कार्यक्रमाची मिनिटं यांच्या शेजारी ‘निघून गेला’ असा एक रकाना आखा आणि वेळेसह भरा. एकाच वारी, एकाच वेळी किंवा एकाच ट्रेनरसोबत नकार वाढत असतील तर लगेच दिसेल. हा रकाना आठवडेच्या आठवडे कोरा राहिला, तर दार खरंच उघडं होतं का आणि सकाळचा वाटा खरंच पोटात गेला होता का, ते त्याच दिवशी जाऊन बघा.