वक्र मॉनिटर घेताना पेन ड्राइव्ह खिशात ठेवा

दुकानात मॉनिटरवर रंगीबेरंगी व्हिडिओच चालू असतो. त्यात सगळेच पडदे झकास दिसतात. म्हापसा किंवा मडगावला खरेदीला जाताना पेन ड्राइव्हवर मराठी पीडीएफ आणि एक्सेलची फाइल न्या.

१. पीडीएफमधली बारीक जोडाक्षरं वाचा. २७ इंचांवर उभ्या दिशेने १०८० पिक्सेल (पडद्यावरचे ठिपके) असतील तर ती खडबडीत दिसतात. १४४० परवडत असेल तर तोच घ्या.
२. पानाचा रंग गडद करून भरभर सरकवा. स्वस्त व्हीए पॅनेलवर (हा एलसीडी पडद्याचा एक प्रकार) अक्षरांमागे काळपट शेपूट दिसते.
३. मॉनिटरच्या माहितीतलं १५००आर म्हणजे बाकाची १५०० मिलिमीटर त्रिज्या. आकडा लहान तितका बाक जास्त. २४ इंचांत बाकासाठी जादा पैसे कशाला?

स्टँड बराच पुढे येतो, टेबलाची खोली आधी मोजा.