हेलिकॉप्टर विमानात चढवताना या चुका टाळा

सैनिक टाकळी, कागल, गडहिंग्लज, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावागावांतून पोरं हवाई दलात तांत्रिक कामाला लागतात. सुट्टीवर आली की काही जण माझ्याकडं डोकावतात. परवा नुकतंच ट्रेनिंग सुरू झालेल्या एकानं विचारलं, "काका, हेलिकॉप्टर स्वतः उडत जातंय की, मग ते विमानात भरायचं कशाला?"

प्रश्न रास्त आहे. हेलिकॉप्टरचा पल्ला काही शे किलोमीटरचा असतो. समुद्र ओलांडायचा म्हटला तर वाटेत उतरणार कुठं? शिवाय उडालेला प्रत्येक तास गिअरबॉक्सच्या आणि पात्यांच्या आयुष्यातून वजा होतो. म्हणून जुलै २०१९ मध्ये हवाई दलाची पहिली अपाचे हेलिकॉप्टरं अँतोनोव्ह-१२४ या अवाढव्य मालवाहू विमानाच्या पोटातून दिल्लीजवळच्या हिंडन तळावर उतरली. मी त्या पोराशी बोलत बसलो आणि लक्षात आलं, की नव्या माणसाच्या चुका ठरलेल्या असतात. त्याच इथं लिहितोय.

पहिली चूक मापाची. "पाती काढली की मावतंय" असं सगळ्यांना वाटतं. एमआय-१७ हेलिकॉप्टरच्या रोटरचा, म्हणजे वरच्या फिरत्या पात्यांचा, व्यास २१ मीटरच्या वर, आणि आयएल-७६ या मालवाहू विमानाच्या पोटाची रुंदी जेमतेम साडेतीन मीटर, उंचीही तेवढीच. पाती काढून भागत नाही, वरचा मुख्य गिअरबॉक्ससुद्धा उतरवावा लागतो. पण खरी फसगत होते ती रॅम्पवर, म्हणजे माल चढवायच्या विमानाच्या उतरत्या फळीवर. उसाची ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर चढताना बघा. पुढची चाकं वर गेली की मागचा भाग जमिनीला टेकू लागतो. हेलिकॉप्टरचंही तसंच होतं. नाक वर चढलं की शेपटी खाली येते, रॅम्पच्या माथ्यावर पोटाखालचे अँटेना घासतात आणि त्याच वेळी वरचा भाग छताजवळ जातो. सपाट जमिनीवर घेतलेलं माप इथं कामाचं नाही. अँटेना आधीच काढायचे, आणि चढण कमी करायला रॅम्पच्या पुढं जाड फळ्या रचायच्या. चाकांखालीही फळ्या लागतात, नाहीतर सगळा भार विमानाच्या फरशीच्या तळहाताएवढ्या जागेवर येतो.

दुसरी चूक साखळ्यांची. इथं मी जरा थांबतो, कारण ती जिवावर बेतणारी आहे. नवीन पोरगा साखळ्या मोजतो, त्यांचा कोन बघत नाही. सी-१३० आणि सी-१७ या मालवाहू विमानांसाठी अमेरिकी हवाई दलाचा ठरलेला हिशेब असा: मालाला पुढच्या दिशेनं वजनाच्या तिप्पट, मागं आणि दोन्ही बाजूंना दीडपट, आणि वर उचलला जाऊ नये म्हणून दुप्पट आवर, म्हणजे धरून ठेवणारी ताकद, हवी. समजा, हेलिकॉप्टर सात टनांचं आहे. म्हणजे पुढं जाणारा २१ टनांचा ओढा थोपवायचा. एक साखळी १० हजार पौंडांची, म्हणजे साधारण साडेचार टनांची. ती फरशीशी ३० अंश आणि विमानाच्या लांबीशी ३० अंश अशी तिरपी बांधली, तर पुढच्या दिशेला तिची पाऊणच ताकद कामी येते, सुमारे ३.४ टन. २१ भागिले ३.४ केलं की सहाच्या वर येतं. साखळ्या जोडीनं, दोन्ही बाजूंना सारख्या बांधायच्या असल्यानं आठ धरा. आणि या आठही मागच्या दिशेला ओढणाऱ्या हव्यात, कारण माल पुढं सरकू देत नाही ती मागं ओढणारी साखळी. मागच्या दिशेच्या आवरासाठीच्या साखळ्या वेगळ्या.

साखळीची ताकद तिच्या सगळ्यात कमजोर टोकाएवढीच असते. फरशीतली कडी २५ हजार पौंडांची असेल, पण हेलिकॉप्टरवरची बांधायची जागा तेवढी सोसते का, हे हेलिकॉप्टरच्या माहितीपुस्तकात बघा. पुस्तकात दाखवलेल्या जागेलाच बांधा. ब्रेकच्या पाइपवरून साखळी नेऊ नका. एकाच दिशेच्या आवरासाठी साखळी आणि नायलॉनचा पट्टा मिसळू नका. पट्टा ताणला जातो, साखळी ताणली जात नाही, आणि सगळा भार एकट्या साखळीवर येतो.

तिसरी चूक मी स्वतः भोगलीय. नोकरीच्या पहिल्या वर्षांत पाती सोडवताना आम्ही बोल्ट आणि वॉशर एका कापडी पिशवीत घातले आणि चिठ्ठी बॉलपेननं लिहिली. उतरवलं तेव्हा पाऊस होता. चिठ्ठीचा निळा डाग झाला. दोन वॉशर हातात घेतले तर एक नखाएवढा जाड, दुसरा पातळ. कुठला कुठं जायचा, हे कुणालाच सांगता येईना. सगळा दिवस त्यात गेला. प्रत्येक पातं त्याच्या ठरलेल्या जागीच बसलं पाहिजे, कारण त्याच्या पिच लिंकची, म्हणजे पात्याचा कोन बदलणाऱ्या दांडीची, लांबी त्या पात्यासाठी जुळवलेली असते. अदलाबदल झाली की यंत्र थरथरतं. म्हणून खूण पात्यावर आणि त्याच्या जागेवर एकच करा. सुटे भाग जागेनुसार वेगळ्या पिशव्यांत ठेवा आणि धातूचा बिल्ला ठोकून लावा.

इंधन, बॅटरी, काडतुसं यांबद्दल थोडक्यात. इंधन पुस्तकात सांगितलं आहे तेवढंच ठेवा, कारण उंचीवर हवेचा दाब उतरला की टाकीतून वाफ बाहेर पडते. बॅटरीची जोडणी सोडवून टोकं झाका. फ्लेअर (क्षेपणास्त्राला चकवायला सोडायचे जळते गोळे) आणि काडतुसं काढून वेगळी पाठवा आणि लोडमास्टरला, म्हणजे विमानातला माल सांभाळणाऱ्याला, लेखी सांगा.

आपल्याकडच्या पावसात वाढलेल्या माणसाला दमटपणाचं सांगायला नको, पण पेटीत सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे, ठेवायला विसरलेलं मी कितीदा तरी पाहिलंय. निळे दाणे गुलाबी झाले की बदलायचे. बेअरिंगची उघडी तोंडं झाकायची, आणि झाकणांची संख्या यादीत लिहायची, म्हणजे एखादं आत राहून जाणार नाही.

पोचल्यावर जोडणी, जमिनीवर इंजिन चालवून तपासणी, पात्यांचा ट्रॅक (सगळी एकाच पातळीत फिरतात का) आणि बॅलन्स, मग हॉवर, म्हणजे जागच्या जागी तरंगणं, मग चाचणीचं उड्डाण. याला लागणारे दिवस आधीच मागून घ्या. सोडवण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो काढा. यादीची एक प्रत पेटीत, एक कॉकपिटमध्ये, आणि एक स्वतःच्या खिशात.