मराठवाड्याच्या उन्हात जुनिपर बोन्साय कसं जगवायचं आणि आकार कसा द्यायचा

बरेच नर्सरीवाले सांगतात की जुनिपर इनडोअर आहे, टीव्हीशेजारी ठेवा. ऐकू नका. हे थंड मुलखातलं झाड, त्याला रोज ४-५ तास ऊन आणि मोकळी हवा लागतेच, म्हणजे गच्ची नायतर अंगण. हॉलमध्ये ठेवलं तरी काही आठवडे हिरवंगार दिसतं आणि आपल्याला वाटतं मस्त चाललंय, पण जुनिपरची मुळं मेली तरी पाला लवकर सुकत नाही, कळतं तोवर झाड कधीचं गेलेलं असतं.

माती आधी बघा. आपली काळी माती कापसाला भारी, कुंडीत अजिबात नको, पाणी धरून बसते आणि मुळं कुजतात. विटांचा चुरा करा, ३-५ मिलिमीटरचे खडे चाळून घ्या, बारीक भुकटी फेका (तीच निचरा बंद करते). ६ भाग चुरा, ३ भाग जाडी वाळू, १ भाग जुनं शेणखत, बास. पाणी घातलं की लगेच खालच्या भोकातून बाहेर आलं पाहिजे.

पाण्याचं म्हणाल तर बोअरचं पाणी क्षाराचं, रोज तेच घातलं की कुंडीच्या काठाला पांढरा थर धरतो. पावसाचं साठवलेलं सगळ्यात चांगलं, नळाचंही चालतं, पण कूलरच्या टाकीत उरलेलं आणि आरओचं वाया जाणारं पाणी घालू नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात. रोज बोट खुपसून बघायचं, वरचा थर सुकत आला की भरपूर पाणी द्यायचं. एप्रिल-मे मध्ये पारा ४२ च्या पुढं गेला की ५० टक्क्यांच्या शेडनेटखाली हलवा, सकाळचं ऊन मिळू द्या, दुपारचं नको, आणि कुंडी तापलेल्या स्लॅबवर न ठेवता विटांवर ठेवा.

आता आकार द्यायचं काम. हे दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंतच करा. मार्च ते जून कात्री कपाटात.

आधी बुंध्याजवळची माती थोडी बाजूला सारा, वरची मुळं दिसू द्या, झाड फिरवून समोरची बाजू ठरवा. मग आतला वाळलेला पाला, सरळ खाली वाढलेल्या काड्या आणि एकाच जागेवरून फुटलेल्या जास्तीच्या फांद्या काढा. इथं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, जुनिपरच्या उघड्या लाकडातून सहसा परत फूट येत नाही, त्यामुळं जी फांदी जिवंत ठेवायची तिच्यावर थोडा तरी हिरवा पाला राहिलाच पाहिजे. वडा-पिंपळाचं बोन्साय केलेल्यांचा हात इथं जरा जास्तच सैल सुटतो! एका वेळी एक तृतीयांशपेक्षा जास्त पाला काढू नका. शेंडे नखानं खुडत बसण्यापेक्षा लांब वाढलेली काडी जिथून फुटली तिथंच बारीक कात्रीनं कापा. शिम्पाकूसारख्या जातीत नंतर मऊ पाल्याऐवजी काटेरी फूट आली तर समजा कटिंग जास्त झालंय, त्या वर्षी परत हात लावू नका.

नको असलेली एखादी जाड फांदी पूर्ण न कापता तिची साल सोलून पांढरं लाकूड ठेवता येतं, त्याला जिन म्हणतात. सुकल्यावर लाइम सल्फर (लाकूड पांढरं करणारं आणि टिकवणारं चुना-गंधकाचं द्रावण) लावायचं, पण गच्चीवरच, वास लई घाण येतो.

वायरिंगला अॅल्युमिनियमची तार घ्या, फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची. बुंध्याला एक-दोन वेढे देऊन एकाच तारेनं जवळजवळच्या दोन फांद्या धरा, तिरपे ४५ अंशात वेढे, पाला तारेखाली दाबू नका. वाकवताना अंगठ्याचा आधार देत हळूहळू वाकवा. जाड फांदीला आधी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा.

कटिंग, वायरिंग आणि कुंडी बदलणं एकाच हंगामात करायचं नाही. कुंडी २-३ वर्षांनी, जानेवारीअखेर बदला, आणि मुळांची सगळी जुनी माती झाडू नका, निम्मी राहू द्या.

उन्हाळ्यात पाला फिकट, धुरकट दिसला तर खाली पांढरा कागद धरून फांदी झटका, ठिपके चालताना दिसले की लाल कोळी (पाल्याचा रस शोषणारी बारीक कीड) आहे. काही दिवस सकाळी पाल्याच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा. पावसाळ्यात झाड जाड होतं तेव्हा तार दर पंधरा दिवसांनी बघा, सालीत रुतायला लागली की उलगडू नका, कटरनं तुकडे करून काढा.