बोक्याच्या वाटीत कुत्र्याचं खाणं? पाकिटामागची यादी वाचताना या चुका टाळा

आमच्या तळमजल्यावरच्या काकूंकडे एक लॅब्रेडॉर आहे आणि एक बोका. गेल्या पावसाळ्यात त्यांच्याकडे गेले तर दोन वाट्या शेजारीशेजारी ठेवलेल्या आणि दोन्हींत तेच तपकिरी दाणे. बोक्याचं पाकीट कुठाय, विचारलं. “वेगळं कशाला आणू गं? तो याच्याच वाटीत तोंड घालतो, आणि चाटूनपुसून खातो बघ.”

खातो हे खरं. पण महिनोन्‌महिने असंच चाललं तर बोक्याच्या हृदयावर बेतू शकतं. कारण टॉरिन नावाचं पोषक द्रव्य. कुत्र्याचं शरीर सहसा प्रथिनांपासून ते स्वतः बनवतं. मांजराला ते पुरेसं बनवता येत नाही, आयतंच पोटात जावं लागतं. म्हणून मांजराच्या खाण्यात ते हटकून असतं, कुत्र्याच्या खाण्यात वेगळं घातलेलं असेलच असं नाही. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी दाखवून दिलं की मांजरांचं हृदय मोठं होऊन दुबळं पडत होतं ते टॉरिन कमी पडल्यामुळे, आणि ते दिल्यावर हृदय सुधारत होतं. ही मांजरं बाजारातलं तयार खाणंच खात होती! त्यानंतर उत्पादकांनी टॉरिनचं प्रमाण वाढवलं. याच कमतरतेने डोळ्याचा पडदाही खराब होतो, आणि गेलेली नजर सहसा परत येत नाही.

व्हिटॅमिन ए चंही तसंच. गाजर-भोपळ्यातल्या बीटा कॅरोटिनपासून कुत्रा ते बनवू शकतो, मांजर नाही. दूध-पोळीवर मांजर ठेवणाऱ्यांनाही मी हेच सांगते. गावाकडची मांजरं दूध-पोळीवर जगायची असं आपल्याला वाटतं, पण ती उंदरांवर जगायची. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये उंदीर कुठून येणार?

पहिलं नाव चिकन, म्हणजे सगळं चिकन?

यादीतले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, आणि हे वजन शिजवण्याआधीचं असतं. ताज्या चिकनमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, त्यामुळे ते यादीत वर चढतं. दाणे भाजून-सुकवून झाले की ते पाणी उडून जातं. उलट ‘चिकन मील’ हे नाव वाचून लोक नाक मुरडतात, पण ते आधीच पाणी आणि चरबी काढलेलं असतं. किलोला किलो प्रथिने त्यात ताज्या चिकनपेक्षा कितीतरी जास्त. दर्जा कमी-जास्त असतो हे मान्य, पण नुसत्या नावावरून ते टाकाऊ ठरवू नका.

आणखी एक खुबी पाहा. तांदूळ, तांदळाची कणी आणि तांदळाचा कोंडा अशी तीन वेगळी नावं आली की प्रत्येक चिकनच्या खाली राहतं. तिन्हींची बेरीज केली तर धान्य वर जाऊ शकतं. धान्य म्हणजे विष नव्हे, शिजवलेला स्टार्च कुत्र्याला चांगला पचतो. पण आपण पैसे कशाचे देतोय ते कळायला हवं.

पाऊचमधल्या ओल्या खाण्यात प्रथिने ८ टक्के, कोरड्यात २४

हे आकडे पाहून पाऊच म्हणजे नुसतं पाणी असं समजू नका. पाणी बाजूला काढून हिशोब करा. पाऊचवर मॉइश्चर ८० टक्के असेल तर उरलेल्या २० भागांत प्रथिने ८, म्हणजे ४० टक्के. कोरड्या दाण्यांत मॉइश्चर १० असेल तर ९० भागांत २४, म्हणजे २७ टक्क्यांच्या आत. डोळ्यांना दिसलं त्याच्या बरोबर उलट निघालं ना?

पिल्लाला वरून कॅल्शियम

ही चूक मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते, कारण ती मायेपोटी होते. लॅब, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेनची पिल्लं भराभर वाढतात, म्हणून ‘हाडं मजबूत व्हावीत’ असं म्हणून पपी फूडवर कॅल्शियमचं सिरप ओततात. लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम अडवता येत नाही, ते शरीरात शिरतं आणि हाडं-सांधे वेडेवाकडे वाढू शकतात. चांगल्या पपी फूडमध्ये कॅल्शियम आणि फॉस्फरस मोजून घातलेले असतात. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी वेगळं खाणं मिळतं, ते घ्या. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सिरप नको.

अवघड नाव दिसलं की घाबरणं

काकूंच्या पाकिटावर ‘कॉपर सल्फेट’ होतं. त्यांच्या माहेरी नाशिककडे द्राक्षाची बाग, त्यामुळे त्या दचकल्याच. “अगं, हे मोरचूद! बागेवर फवारतात ते कुत्र्याला?” हो, तेच, पण अगदी सूक्ष्म प्रमाणात. रक्त तयार व्हायला तांबं लागतं. मात्र लॅब्रेडॉरसारख्या काही जातींत यकृतात तांबं साठण्याचा आजार आढळतो. तसं निदान झालं असेल तर कोणतं खाणं द्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा.

‘मिक्स्ड टोकोफेरॉल्स’ म्हणजे व्हिटॅमिन ई, चरबी खवट होऊ नये म्हणून घातलेलं. ‘बीट पल्प’ म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरलेला चोथा, शौचाला नीट होण्यासाठी. ‘ॲश’ म्हणजे कुणी राख मिसळलेली नसते, नमुना जाळल्यावर उरणाऱ्या खनिजांचं ते माप.

काकूंनी बोक्याचं वेगळं पाकीट आणलं. जुन्या दाण्यांत रोज थोडे नवे मिसळत आठवड्याभरात बदल केला, म्हणून पोट बिघडलं नाही. आता अडचण उलटी झालीय. मांजराच्या खाण्यात प्रथिने आणि चरबी जास्त, वासही जोरदार, त्यामुळे लॅब्रेडॉर बोक्याच्या वाटीवर टपून बसतो. म्हणून ती वाटी आता खिडकीच्या कट्ट्यावर असते, जिथे फक्त बोकाच उडी मारू शकतो.